डिस्कस माशाची पिल्लं आईबापाजवळच वाढवा भावांनो

अंडी साधारण अडीच दिवसात फुटतात, मग दोन-तीन दिवस पिल्लं तिथंच चिकटून वळवळत बसतात, तेव्हा काहीही खायला टाकू नका. पोहायला लागली की खरं काम सुरू. आईबापाच्या अंगावर जो चिकट स्लाइम सुटतोय तेच त्यांचं पहिलं खाणं, म्हणून टँकमधलं पाणी थोडं कमी करा आणि सगळं सामान काढून फक्त स्पंज फिल्टर आणि हीटर ठेवा, नाहीतर ती बिचारी फिल्टरलाच आई समजून चिकटतात आणि उपाशी मरतात. रात्री बारीक लाईट चालू राहू दे. नर-मादी आळीपाळीनं पिल्लं सांभाळतात, एकानं अंगाला झटका दिला की अख्खा घोळका दुसऱ्याकडं पळतोय, बघतच बसावं असं असतंय ते! पाणी २९-३० डिग्री पाहिजे, आपल्या कोल्हापुरात जानेवारीत रात्री गारठा असतोय तेव्हा हीटर चेक कराच. पोहायला लागल्यावर चार-पाच दिवसांनी ताजा फुटलेला आर्टेमिया (कोळंबीसारखे एकदम बारीक जिवंत जीव) थोडा थोडा द्या, उरलेला लगेच पाईपनं ओढून काढा. रोज थोडं पाणी बदला, पण नळाचं क्लोरीन घालवून, त्याच तापमानाचं. दोन-तीन आठवड्यांनी, आईबापाच्या अंगावर ओरखडे दिसायच्या आत, पिल्लं वेगळी करा.