क्लायबर पितापुत्र कसे ऐकावेत

कार्लोस क्लायबर (१९३०–२००४) या वाद्यवृंद संचालकाचे आयुष्य समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात वडील एरिख यांच्यापासून करावी. नाझी राजवटीच्या निषेधार्थ १९३४ मध्ये बर्लिनच्या स्टेट ऑपेराच्या संगीत संचालकपदाचा राजीनामा देणाऱ्या एरिख यांची इच्छा मुलाने संगीतात पडू नये अशी होती, म्हणून कार्लोस काही काळ झुरिचला रसायनशास्त्रही शिकले. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची दोघांची ध्वनिमुद्रणे, वडिलांचे १९५३ चे आणि मुलाचे १९७४ चे, एकाच बैठकीत ऐकावीत आणि आरंभीचा चौथा स्वर कोण किती वेळ धरून ठेवतो, याकडे नीट लक्ष द्यावे. मग व्हिएन्नातील १९८९ च्या नववर्ष मैफलीचे चित्रण पाहावे. तिथे कार्लोस अधूनमधून ताल देणेच थांबवतात आणि वादकांवर पूर्ण विश्वास टाकतात. मला हे फार मोलाचे वाटते.