घराचं काम आणि लहान मुलं: वेळापत्रक भिंत वाळण्यावर बसवा

सिमेंट, पुट्टी आणि रंग यांची एक सवय सारखी. हात फिरवून झाला की त्यांना काही तास, कधी काही दिवस, एकटं सोडावं लागतं. घराचं काम आणि मुलं दोन्ही सांभाळणाऱ्या बापाच्या हातात खरा वेळ आहे तो हाच, आणि नेमका तोच वाया जातो.

पहिल्या खोलीच्या वेळी मी सगळं उलटं केलं. सकाळी मुलं ताजीतवानी असताना पुट्टी ओढली. दुपारी ती झोपली तेव्हा मी ओल्या भिंतीसमोर मोबाइल चाळत बसलो. संध्याकाळी ती खेळायला ओढू लागली, तर दुसऱ्या हाताची वेळ झालेली. दिवसभर घरात असून मुलांच्या वाट्याला मी आलोच नाही.

पायरी १: वाळण्याच्या वेळा लिहून काढा

कामांची यादी सगळेच करतात. तिच्यापुढे प्रत्येक काम किती वेळ थांबायला लावतं ते लिहा. सिमेंटच्या नव्या गिलाव्यावर निदान ७ दिवस पाणी मारायचं, आणि त्यावर रंग चढवायचा तो भिंत पूर्ण सुकल्यावर, म्हणजे साधारण महिनाभराने. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग तपासायला पाणी तुंबवून २४ ते ४८ तास ठेवतात. टाइल बसवल्यावर साधारण २४ तास तिच्यावर पाय द्यायचा नाही. पुट्टीचा एक हात वाळायला ४ ते ६ तास, आणि पाण्यात कालवायच्या रंगाच्या दोन हातांमध्ये साधारण ४ तास. नेमका आकडा डब्यावर छापलेला असतो. हवा दमट असेल तर तो वाढतो.

पायरी २: ही यादी मुलांच्या दिवसावर बसवा

१ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, ३ ते ५ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. आवाज न करणारी कामं या झोपेत बसवा. दुपारी मुलं झोपली की पुट्टीचा पहिला हात. ती उठतील तेव्हा भिंत वाळत असेल आणि संध्याकाळ मोकळी. रात्री ती झोपली की दुसरा हात.

ड्रिल, कटर, तोडफोड आणि घासकाम मात्र मुलं घराबाहेर असतानाच. कारागीर येणार असतील तर त्यांनाही हे आधीच सांगा. ‘आवाजाचं काम अमुक ते अमुक वेळेतच’ हे पहिल्या दिवशी ठरलं तर कुणी कुरकुरत नाही. चौथ्या दिवशी सांगितलं की कटकट होते.

पायरी ३: एका वेळी एकच खोली

सगळं घर एकदम काढलं की काम लवकर उरकतं असं वाटतं. स्वतःच्या हाताने करणाऱ्याचं उरकत नाही. एक खोली मुलांची म्हणून राखा आणि तिथे हत्यारांची पेटी एका रात्रीपुरतीही ठेवू नका.

पायरी ४: धुळीला गंमत समजू नका

जुन्या घरातल्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. मुलं जमिनीवर रांगतात, हात तोंडात घालतात आणि तशी धूळ पोटात जाते. शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. म्हणून वयाची खात्री नसलेला रंग कोरडा घासू नका. आधी तपासून घ्या, आणि शिसं निघालं तर ते काम अशा कामाची माहिती असलेल्या माणसाकडे द्या. टाइल आणि काँक्रीट कापताना उडणारी सिलिकाची बारीक पूड फुफ्फुसांसाठी वाईट, तेव्हा पाणी सोडूनच कापा आणि स्वतः मास्क लावा.

कामाच्या खोलीच्या दाराला प्लॅस्टिकचा कागद चिकटपट्टीने सगळीकडून बंद करा. झाडू मारू नका, त्याने धूळ नुसती उडते. ओल्या फडक्याने पुसा. आणि कामाचे कपडे त्या खोलीतच उतरवा. मूल धावत येऊन बिलगतं तेव्हा ‘थांब, बाबा घाण आहे’ म्हणायचा जीव होत नाही, म्हणून हे आधीच उरकलेलं बरं. रंगवलेल्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत मुलांना तिथे झोपवू नका.

पायरी ५: काम थांबवताना दहा मिनिटांची फेरी

पाण्याची बादली किंवा पिंप उघडं राहिलंय का? काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. खिळे, स्क्रू, कटरची पाती मोजून ठेवा. लेझर लेव्हलसारख्या उपकरणात बटणासारखा सेल असेल तर तो गिळला जाणं फार धोक्याचं, तेव्हा कुलपात. साधारण ४ सेंटिमीटरपेक्षा लहान काहीही जमिनीवर उरलं नाही, मगच दार लावा.

पायरी ६: बायकोशी हिशेब

तुम्ही भिंतीशी झुंजताना मुलं कोण बघतंय? ते कामच आहे, आणि तुमच्यापेक्षा दमवणारं. तुमच्या जितक्या तासांत ती अडकली, तितके तास तिला पूर्ण मोकळे द्या, आणि त्या वेळेत ‘सँडपेपर कुठे ठेवलाय’ असं विचारायला जाऊ नका.

पायरी ७: मुलांना खरं काम द्या

टेपचं एक टोक धरणं चार-पाच वर्षांच्या मुलाला उत्तम जमतं. दोन वर्षांच्याला पाण्याची वाटी आणि ब्रश द्या. भिंत ओली होते, गडद दिसते, वाळते आणि तो पुन्हा सुरू करतो. तुमचं काम दुप्पट वेळ घेईल, तो वेळ आधीच धरून ठेवा.

नव्याने रंगवायची भिंत आदल्या दिवशी चित्रांसाठी मोकळी सोडली तर घरात सण असतो. फक्त हातात पेन्सिल द्या. मेणाच्या खडूवर रंग धरत नाही आणि स्केचपेनची शाई वर झिरपते. आमच्या कपाटामागचा हत्ती तीन हात देऊनही सोंडेसकट दिसतो.