त्रिपुरी पौर्णिमेला कोंबडी बसवा, चंपाषष्ठीला पिल्लं

आम्ही दापोली तालुक्यात राहतो. घराभोवती थोडी जागा, तीन शेळ्या, गावठी कोंबड्या, परसबाग, आणि घरीच शिकणारी दोन मुलं: थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. मुलांना घरी शिकवायचं ठरवलेले आईबाप मला पहिल्यांदा वेळापत्रकच विचारतात. मी त्यांना सांगते, खुडूक कोंबडी शोधा, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी. पुढच्या २१ दिवसांचं वेळापत्रक तीच ठरवते.

कोकणात यासाठी सगळ्यात चांगला काळ कार्तिकाचा. पावसाची ओल गेलेली असते, भात झोडून झालेलं असतं, घरात नवा पेंढा असतो. त्रिपुरी पौर्णिमेला अंडी ठेवली की पिल्लं चंपाषष्ठीच्या आसपास निघतात. मधले पंधरा दिवस वद्य पक्षाचे आणि सहा शुद्ध पक्षाचे. हा हिशोब मुलांना चंद्राकडे बघत करू द्या. तिथी आणि तारीख एकास एक जुळत नाही, एखाद्या दिवसाचा फरक पडतो, हे त्यांच्या आपोआप लक्षात येतं.

खुडूक कोंबडी ओळखायला मुलांना पाठवा. ती दिवसभर खुराड्यातून उठत नाही, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते, अंडी घालायची थांबते. लगेच चांगली अंडी देऊ नका. दोन रात्री खोटी अंडी ठेवा, प्लॅस्टिकचे चेंडूही चालतात. रात्रीसुद्धा जागा सोडली नाही तर ती खरी खुडूक.

तिची जागा अंधारी, कोरडी, इतर कोंबड्यांपासून लांब हवी. टोपलीत तळाला थोडी चुलीतली राख, त्यावर निगडीचा पाला, मग पेंढा. राख आणि पाला उवांसाठी. अंडी आठवड्याच्या आतली, न धुतलेली, फ्रीजमध्ये न ठेवलेली. मध्यम कोंबडीला दहा पुरतात. पंखाबाहेर राहिलेलं अंडं वायाच जातं. सगळी एकाच वेळी, रात्री ठेवायची. प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा घाला, शाईने नको, कारण कवचाला बारीक छिद्रं असतात. आमच्याकडे हे काम धाकट्याचं, त्याचे १ ते १० असेच पक्के झाले. दुसऱ्या एखाद्या कोंबडीने गुपचूप अंडं घातलं तर बिनआकड्याचं ते उचलून स्वयंपाकघरात आणायचं.

त्याच दिवशी एका वाफ्यात मेथी पेरा. ती चार-पाच दिवसांत उगवते आणि पिल्लं निघेपर्यंत खुडायला जवळजवळ तयार होते. एका वहीत डाव्या पानावर मेथी, उजव्या पानावर अंडी. भाषा, चित्रकला, विज्ञान सगळं त्या एका वहीत येतं. वेगळे तास मी पाडत नाही.

कोंबडी दिवसातून एकदा खाऊन-पिऊन यायला उठते, साधारण पंधरा-वीस मिनिटं. वजन त्याच वेळात करायचं. मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. अंड्यातलं पाणी कवचातून हळूहळू उडून जातं आणि उबवण्याच्या काळात वजन साधारण १२ टक्क्यांनी घटतं. गावठी अंडं ४० ग्रॅमचं धरलं तर जवळपास पाच ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेकाचा फरक नीट कळत नाही, म्हणून सगळी एकत्र ठेवून सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या दिवशी वजन घ्या. मधे एखादं अंडं काढून टाकलं असेल तर मागचं वजन पुढच्याशी कसं ताडायचं? हे कोडं थोरलीने स्वतः सोडवलं, सरासरी काढून. टक्केवारी आणि सरासरी मी तिला फळ्यावर शिकवली नाही.

सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत पुठ्ठ्याला छोटं भोक पाडून मागून टॉर्च लावा आणि अंड्याचं बोथट टोक भोकाशी धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर आत जीव आहे. काहीच दिसलं नाही तर ते अंडं फळलेलं नाही. नुसतं लाल कडं दिसलं तर जीव धरला होता, पण टिकला नाही. मुलं हे शांतपणे ऐकतात. खरं तेच सांगा. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नाही.

एकविसाव्या दिवशी कवचाला टोचा पडतो. तिथून पिल्लू बाहेर यायला कधी कधी पुरा दिवस लागतो. मुलांचा जीव कासावीस होतो, कवच सोलून द्यावंसं वाटतं. देऊ नका, आतल्या पापुद्र्यात तेव्हाही रक्त वाहत असतं. अन्नाचीही घाई नाही, बाहेर येण्याआधी पिल्लाने उरलेला बलक पोटात घेतलेला असतो, त्यावर त्याचे दोन दिवस निघतात. मग उथळ ताटलीत खडे टाकून पाणी द्या, म्हणजे पिल्लू बुडत नाही. नुसती कणी पुरत नाही. वाळवी किंवा पिल्लांचं तयार खाद्य हवंच. पहिले काही आठवडे डालग्याखाली ठेवा, घार आणि मुंगूस दोघंही टपलेले असतात.

विष्ठा थेट रोपांना घालू नका, मुळं करपतात. पालापाचोळ्यात मिसळून दोन-तीन महिने कुजवा, मग वांग्याच्या आळ्यात.

दहावीचं काय, हे लोक विचारतातच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक अभ्यासक्रमाला वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की प्रवेश घेता येतो. आम्ही तोच मार्ग धरला आहे.

पिल्लांना मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस मात्र चुकवू नका. पिल्लं निघाल्यापासून साधारण सातव्या दिवशी लासोटा या लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. कुपी शंभर पिल्लांची असते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून थोरली आदल्या दिवशी वही घेऊन वाडीभर फिरते, कुणाकडे किती पिल्लं ते लिहून आणते, आणि सगळ्यांची पिल्लं सकाळी आमच्या पडवीत जमतात. लस बर्फात ठेवून आणा. पुढचा डोस चौथ्या आठवड्यात, कोंबड्यांच्या देवी रोगाची लस सहाव्या आठवड्यात. दोन्ही तारखा मुलांच्याच हाताने कॅलेंडरवर लिहून घ्या.