रेट्रो प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

पावसाळ्यात मालवणात होड्या वर ओढलेल्या, लाईट येऊन-जाऊन. असल्या दिवसांत माझ्या डिप्लोमावाल्या भाच्याने जुन्या संगणकाचा एम्युलेटर (त्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) लिहायला घेतला. थेट कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाचा, तोही रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत, कारण हल्ली ज्याच्या-त्याच्या तोंडी रस्ट. मशीन अनोळखी, भाषाही अनोळखी. पंधरा दिवसांत गाडं रुतलं.

दोन्ही एकदम नवं घेऊ नका. येत असलेल्या भाषेत आधी चिप-८ करा. जोसेफ वाइसबेकर यांनी १९७० च्या दशकात कॉस्मॅक व्हीआयपी या छोट्या संगणकासाठी रचलेली ही चिमुकली व्यवस्था: जेमतेम ३५ सूचना, ४०९६ बाइट मेमरी, ६४ बाय ३२ ठिपक्यांचा पडदा.

भाच्याने तेही केलं. पायथनमध्ये. दोन दिवसांनी फोन: "मामा, कायच दिसना नाय."

पाहिलं तर त्याने दोन बाइट उलटे जोडले होते. चिप-८ मध्ये मोठा बाइट आधी येतो. पडदा पुसायची ००ई० ही सूचना त्याच्याकडे ई००० होऊन येत होती, आणि तशी सूचनाच नाही. पडदा कोरा असेल तर प्रत्येक सूचना सोळाच्या पायात (हेक्समध्ये, ००ई० सारखी) छापून बघा. आणि प्रोग्राम ० वर नाही, ५१२ व्या पत्त्यावर चढवायचा.

चित्र दिसलं, पण खेळ भन्नाट पळतो? टायमर प्रत्येक सूचनेमागे घटवताय. तो सेकंदाला ६० वेळाच घटायला हवा, सूचना कितीही धावोत. वजाबाकीत दोन्ही आकडे सारखे असतील तर व्हीएफ या निशाणीच्या रजिस्टरात (आकडा ठेवायच्या खणात) १ येतो, ० नाही. उत्तर आधी लिहा, व्हीएफ नंतर.

मग खुशाल रस्टकडे जा. (रस्ट म्हणजे गंज; किनाऱ्यावरच्या माणसाला तो काय नवा!) तिथे आठ बिटांच्या रजिस्टरात २५५ मध्ये साध्या बेरजेने १ मिळवला की डीबग बिल्ड (चाचणीची आवृत्ती) पॅनिक होतो, म्हणजे तिथेच बंद पडतो; रिलीज बिल्ड (वापरायची आवृत्ती) गुपचूप ० देतो. आपल्याला ० च हवा असतो, तरी "रिलीजमध्ये चालतंय" म्हणून सोडू नका. रॅपिंग ॲड (२५५ नंतर मुद्दाम ० वर येणारी बेरीज) लिहा.

खरं जुनं मशीन विकत घ्यायचा मोह मात्र आवरा. खाऱ्या हवेत कनेक्टर हिरवे पडतात.

दुसरी कल्पना मला जास्त आवडते: मराठी शब्दांचं छोटं बेसिक (नवशिक्यांसाठीची प्रोग्रामिंग भाषा). मूळ बेसिक १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात जन्मलं, ते इंग्रजी अक्षरांसाठी. भाच्याचा इंटरप्रिटर (ओळ वाचून लगेच चालवणारा प्रोग्राम) 'लिही' वाचताना 'ल'पाशीच अडला. शब्द तोडायला त्याने पायथनचं इझअल्फा (हे अक्षर आहे का, ते तपासणारं फंक्शन) वापरलं होतं, आणि ते वेलांटीला अक्षर मानतच नाही. रस्ट वेलांटी घेतं, पण पाय मोडायची खूण (हलंत) घेत नाही. तिथे 'पुन्हा' मधेच तुटतो. त्यामुळे अक्षर, मात्रा आणि हलंत तिन्ही शब्दाचे भाग आहेत असा नियम स्वतःच लिहा. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) मध्ये 'लिही' १२ बाइटचा आहे, दोनचा नव्हे. रस्टमध्ये एखादं अक्षर मधेच कापलात तर पुन्हा पॅनिक.

सगळ्यात छळलं ते 'वाऱ्याचा_वेग' या नावाने. फोनवर टाइप केलेली ओळ आणि लॅपटॉपवरची ओळ डोळ्यांना हुबेहूब सारखी, तरी इंटरप्रिटर म्हणे असं चलच (व्हेरिएबल) नाही. कारण हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (सारख्या अक्षरांची वेगळी रूपं एक करणं) हे दोन एक करत नाही. फाइल वाचतानाच दुसऱ्या रूपाचं पहिलं करून घ्या. आम्ही ती ओळ घातली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, आणि लगेच लाईट गेली.