सोसायटीचं काम काढताय? आधी पुराची रेघ बघा (वडोदराकरांसाठी)

आपल्याकडे पुराची तयारी म्हणजे जूनमध्ये टॉर्चचे सेल आणि बिस्किटांचे पुडे आणून ठेवणं. ते कराच, पण खरी तयारी जानेवारीत आणि सोसायटीच्या जनरल मीटिंगमध्ये होते, जेव्हा रस्ता, पेव्हर, कंपाउंड वॉल असली कामं ठरतात. हे मला २०२४ ला कळलं. त्याच्या दोन वर्षं आधी आम्ही सगळ्यांनी हौसेने मेन गेटपासून आतपर्यंत जुन्याच रस्त्यावर आरसीसी आणि वर पेव्हर टाकून घेतले, रस्ता मस्त झाला पण ओट्यापेक्षा वर गेला, आणि ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आलं तेव्हा रस्त्यावर न थांबता सरळ तळमजल्यावरच्या घरांत शिरलं. शेजारच्या आजींना आम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर नेलं, त्यांच्या गोळ्यांचा डबा खालीच राहिला. म्हणून म्हणते, विकासकाम आणि पूर ही दोन वेगळी खाती ठेवू नका.

सुरुवात रेघेपासून करा. २०२४ चं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते भिंतीवर अजून दिसत असेल, नसेल तर तळमजल्यावरच्या लोकांना विचारा, ते बरोबर बोट ठेवतात. आमच्याकडे मीटर बॉक्सच्या खालच्या कडेला मातकट पट्टा होता. मग गवंड्याची लेव्हल नळी मागून घ्या, तीच पारदर्शक पाण्याची नळी. बुडबुडे सगळे काढायचे, एक तोंड त्या रेघेला धरायचं, दुसरं गेटपाशी, मग पंपरूमपाशी, मग लिफ्टच्या पॅनलपाशी, पाणी जिथे स्थिर होईल तिथे खडूने खूण. दोन माणसं आणि एक रविवार सकाळ, बास. काय काय बुडणार हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं आणि मग मीटिंगमध्ये वाद होत नाहीत. खडूच्या जागी नंतर लाल ऑइलपेंटने पक्की रेघ मारून शेजारी तारीख लिहा.

आता यापुढे जे काम निघेल ते या रेघेशी ताडून बघायचं आणि तसा ठराव रजिस्टरमध्ये लिहून घ्यायचा. नवीन रस्ता करायचा तर जुना खोदूनच, लेव्हल वाढवायची नाही. जनभागीदारीतून काम घेत असाल, ती सरकार, सोसायटी आणि महापालिका यांच्यात खर्च ७०-२०-१० वाटायची योजना, तर सोसायटीचा २० टक्के वाटा आपल्या खिशातून जातो, तेव्हा इंजिनिअर मोजमापाला आला की त्याला रेघ दाखवा, वर्कऑर्डर निघाल्यावर बोलून उपयोग नाही. मीटर, इन्व्हर्टर, पंपाचा स्टार्टर रेघेच्या वर किमान दोन फूट. संपचं, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं, झाकण रबर पॅकिंगचं. ड्रेनेजच्या लाइनला पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवा, नाहीतर पाणी दारातून यायच्या आधी बाथरूमच्या जाळीतून येतं. कंपाउंड वॉल आंधळी बांधू नका, पाणी जायला खाली जाळीची भोकं ठेवा, पण जाळी मजबूत हवी, मगरींचं गाव आहे आपलं. मगर दिसली तर व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नका, वनखात्याला फोन करा.

दुसरं म्हणजे आपल्या सोसायटीचा आकडा शोधा. बातम्यांमध्ये काळा घोडा पुलापाशी नदीची पातळी सांगतात, धोक्याची २६ फूट, आणि २०२४ ला ती ३५ च्या वर गेली होती. पण तुमच्या गल्लीत पाणी कधी येतं? दरवेळी पातळी आणि वेळ वहीत लिहा. आमच्या मागच्या कांसेचं, म्हणजे पावसाचं पाणी नेणाऱ्या नाल्याचं, पाणी २६ च्या आधीच उलटं फिरायला लागतं, म्हणून आमचा गाड्या हलवायचा आकडा २३ आहे. आणि पाऊस थांबला म्हणून निवांत होऊ नका, वरून पावागढकडचं आणि आजवा धरणाचं पाणी नंतर येतं. २०१९ ला ३१ जुलैला एका दिवसात जवळपास ५०० मिमी पडला तेव्हा शहरातल्या पावसानेच बुडवलं होतं, तो प्रकार वेगळा, त्यात नदीच्या आकड्यावर विसंबता येत नाही.

कांस साफ करायचा अर्ज मे महिन्यात देऊ नका. महापालिकेच्या बजेटचा मसुदा जानेवारीअखेर येतो, त्यामुळे दिवाळी झाली की वॉर्ड ऑफिसला लेखी द्या, आपल्या वॉर्डच्या चारही नगरसेवकांना कॉपी, सोबत रेघेचे फोटो, आणि पोच घ्या. अर्जात आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ४१ लिहा: हद्दीतली बांधकामं आपत्ती टाळण्याच्या निकषांप्रमाणे होतात ना हे बघणं स्थानिक संस्थेचं काम आहे. शेजारच्या तीन-चार सोसायट्यांनी मिळून एकच अर्ज दिला तर जास्त चांगलं, कारण कांस एकाच्या दारापुरती नसते, तुम्ही इकडे साफ केली आणि पुढे कोणी भराव टाकला तर पाणी परत तुमच्याकडेच.

माणसांची तयारी आपल्याकडे आयती आहे, गणपती मंडळं. पूर आणि गणपती साधारण एकाच मोसमात येतात, पोरं तेव्हा जमलेलीच असतात, वर्गणीमुळे त्यांना कुठल्या घरात कोण आहे ते तोंडपाठ असतं. त्याच वर्गणीच्या फेरीत विचारून घ्या: अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का, डायलिसिस, इन्सुलिन, बाळंतीण, आणि वरच्या मजल्यावर त्यांना कोण ठेवून घेईल त्या घराचं नाव. यादी कागदावर ठेवा, लाइट गेली की मोबाइल दुसऱ्या दिवशी बंद पडतो. जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा १०७७ पण त्याच कागदावर. वर्गणीतले थोडे पैसे बाजूला ठेवून दोर, तरंगायला टायरची ट्यूब आणि पिण्याच्या पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या आणा.

आणि दिवाळीत सोसायटीचं रंगकाम निघालं तर रंगाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा, लाल रेघ आणि तारीख पुसायची नाही.