रुग्णालयाशी जोडलेल्या प्रयोगशाळेत पीएचडी करताना

एम.एस्सी.नंतर कर्करोगावर संशोधन करायचे आणि तेही रुग्णालयाच्या सान्निध्यात, असे ठरवले असेल तर खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’चा विचार अवश्य करावा. टाटा मेमोरियल सेंटरच्या या संस्थेत रुग्णविभाग आणि प्रयोगशाळा एकाच आवारात असून तेथील पीएचडी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची असते. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. नेटची तयारी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच केलेली बरी.

मार्गदर्शक निवडताना विद्यार्थी शोधनिबंधांची यादी पाहतात. मी आधी नमुने प्रयोगशाळेपर्यंत कोणत्या मार्गाने येतात ते पाहीन: ऊती कोणत्या शस्त्रक्रियागृहातून येतात, त्या कोण आणतो, आणि नैतिकता समितीची मंजुरी आधीच मिळालेली आहे की तुम्हालाच अर्ज करावा लागणार आहे? हे प्रश्न प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांना विचारावेत. मार्गदर्शकांपेक्षा ते मोकळेपणाने बोलतात.

शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीवर पहिला हक्क विकृतिशास्त्रज्ञाचा (ऊती तपासून निदान करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचा) असतो, कारण गाठीच्या कडा कर्करोगमुक्त आहेत की नाहीत यावर रुग्णाचे पुढचे उपचार ठरतात. निदानाला पुरेसा भाग राखल्यावर जो तुकडा उरेल, तोच तुमचा. मात्र ऊतीतील आरएनए (जनुकांचा संदेश वाहणारा रेणू) लवकर विघटित होत असल्याने तो तुकडा हाती येताच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावा लागतो आणि गाठ काढल्याची व तुकडा गोठवल्याची, अशा दोन्ही वेळा नोंदवाव्या लागतात. रक्तातील लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वेगळे करताना नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे सेंट्रिफ्यूजचा ब्रेक चालू ठेवणे. त्यामुळे फिकॉल या दाट द्रवावर जमलेला या पेशींचा पांढरट थर विस्कटतो आणि सकाळचे काम वाया जाते.

रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांच्यातला हा दुवा किती दूर नेऊ शकतो, हे कार-टी उपचारपद्धतीवरून कळते; तीत रुग्णाच्याच टी-पेशी (एक प्रकारचे लिम्फोसाइट) कर्करोगपेशी ओळखतील अशा बदलून त्याला परत देतात. आयआयटी मुंबईत घडवलेल्या टी-पेशींची चाचणी टाटाच्या रुग्णांवर झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्या उपचाराचे लोकार्पण झाले. त्या टी-पेशींवरील ग्राहीचा (कर्करोगपेशी ओळखणाऱ्या प्रथिनाचा) उंदराच्या प्रतिपिंडातून (अँटीबॉडीतून) घेतलेला भाग मानवी प्रतिपिंडासारखा करून घेतलेला आहे.

संमतिपत्र घेतले जात असताना एकदा तरी शेजारी बसून ऐकावे. रुग्णाला कधीही संमती मागे घेता येते. म्हणून नळीवर नावाऐवजी संकेतांक लिहावा आणि त्याची नोंदवही वेगळी, कुलपात ठेवावी, म्हणजे संमती मागे घेतल्यास नेमकी तीच नळी शोधून वापरातून बाद करता येईल.