एचडीएमआय केबल: आधी सुतळीने मोजा

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये प्रोजेक्टर लावला तेव्हा एचडीएमआय केबल (प्लेअरमधून चित्र आणि आवाज नेणारी) छतातून फिरवली आणि पीओपीवाल्याने वरून छत बंदही करून टाकलं. मग कळलं. १०८०पी (फुल एचडी) झकास, पण ४के (त्याच्या चौपट बारीक चित्र) लावलं की पडद्यावर पांढरे ठिपके चमकायचे, मधेच दोन सेकंद अंधार. केबल १५ मीटरची, साधी तांब्याची.

एचडीएमआयचा सिग्नल डिजिटल. केबल लांबली म्हणून चित्र फिकट किंवा धूसर होत नाही. ते जुन्या अ‍ॅनालॉग व्हीजीए केबलचं दुखणं. इथे चित्र जसंच्या तसं येतं, नाहीतर ठिपके, झटके आणि शेवटी ‘नो सिग्नल’. ‘महाग केबलने रंग खुलतात’ म्हणणाऱ्या दुकानदाराला लांबूनच नमस्कार.

४के, ६० हर्ट्झसाठी (सेकंदाला ६० चित्रं) केबलमधून सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत डेटा जावा लागतो. तांब्याची चांगली केबल साधारण ५ मीटरपर्यंत हे निभावते. त्याच्या बरंच पुढे जायचं असेल तर सरळ ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, म्हणजे बारीक तंतूतून प्रकाशाने सिग्नल नेणारी. केबल घ्यायला तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाण्याआधी सुतळीने मोजा: भिंतीवरून, कोपरा वळून, छतापर्यंत, वर थोडी ढील.

ऑप्टिकल केबल एकाच दिशेने चालते. ‘सोर्स’ लिहिलेलं टोक प्लेअरकडे, ‘डिस्प्ले’ प्रोजेक्टरकडे. काटकोनात दुमडू नका, आतला तंतू तुटतो. पाइपही ऐसपैस घाला; पाऊण इंचीत एचडीएमआयचं डोकं अडकतं, हेही मी करून बसलोय. आणि छत बंद करण्यापूर्वी केबल फरशीवर पसरून ४के सिनेमा अख्खा चालवून बघा.